बियाची काकडी

मी अभ्यासाला बसले की आमच्या परसातला दोडकाही आवाज न करता वाढतो, असं ताई म्हणायची. तिची ती थट्टाच, पण फार खोटी नव्हती. खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीच्या टोकाशी आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यांच्या मागे दोन खोल्यांपेक्षा थोडी मोठीच आईची वाडी. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आई चौथी, बाबा सातवी, आणि ताई दहावीच्या गणितात अडकली ती तिथेच थांबली. त्यामुळे मी पुस्तक उघडलं की मिक्सर बंद, टीव्ही बंद. बाबांना खोकला आला तर ते उठून फाटकापर्यंत जायचे आणि तिथे खोकून परत यायचे. चालू असायचा तो फक्त कूलर, कारण त्याच्याशिवाय उन्हाळ्यात पुस्तकाची पानंसुद्धा घामेजायची. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या तरी आई दारातच बोट ओठावर ठेवायची. "हळू बोल बाई, निशा अभ्यास करून राहिली." काकूही चपला हातात घेऊन, चोरासारख्या, साखर घेऊन जायच्या. मी कधी कधी पुस्तकात तोंड घालून नुसतीच बसलेली असायची, पण हे सांगायची माझी हिंमत नव्हती.

वाडीत मला कोणी कधी बोलावलं नाही. पाणी घालायला ताई, तण काढायला ताई, बांबूचा मांडव बांधायला बाबा आणि खाली उभी राहून चुका काढायला आई. मी गेलेच तर आई म्हणायची, "तू वाच वं. हे आम्ही पाहतो." मला वाटायचं, किती लाड आहेत माझे. आज एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, होस्टेलच्या खोलीत बसून हे लिहिताना मला त्या लाडांचं थोडं वेगळंच वाटतं. पण तेव्हाचं तेव्हासारखंच लिहावं.

त्या वर्षी माझी बी.एस्सी. पहिल्या वर्षाची परीक्षा संपली आणि मला अक्षरशः पंख फुटले. मे महिना होता. ऊन सकाळी आठलाच अंगणातून माणसांना घरात हाकलायचं. पण सहाच्या सुमाराला, प्लांटचा भोंगा वाजायच्या आधी, वाडीत जी एक ओलसर, हिरवी, मिरचीच्या पानांसारखी तिखट हवा असायची ती मी त्याआधी कधी नीट घेतलीच नव्हती. भेंडीच्या देठावर बारीक काटे असतात आणि ते बोटांत जातात, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. टमाटर वेलीवरच तोंडात टाकला तर त्याचा गरम रस हनुवटीवरून कोपरापर्यंत येतो, हेही. पहिल्या दिवशी मी भेंडीचे काटे काढत, खिदळत, ओरडत फिरत होते तर ताई म्हणाली, "माय वं, परीक्षा संपली का डोस्कं संपलं?"

आणि खाणं! सकाळी तोडलेली भेंडी अकराला तव्यावर कुरकुरीत. दोडक्याची भाजी, त्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. कच्च्या टमाटरांचा ठेचा. काकडीची कोशिंबीर तर आई परातभर करायची, दाण्याचा कूट आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी, आणि बाबा शेवटी परात तिरपी करून खालचं पाणी पिऊन टाकायचे. आमची काकडी वेगळी होती. आखूड, पांढुरकी, अंगावर फिक्या हिरव्या रेघा, आणि कधीच कडू नाही. तिचं टोक कापून घासायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. पाहुणे घासायला लागले की आई दुखावायची.

आता तो दिवस. कॉलेजातल्या बॉटनीच्या मॅडम नागपुरात, धंतोलीत राहायच्या. माझा शिष्यवृत्तीचा फॉर्म तीनदा परत आला तेव्हा त्यांनी सुट्टीच्या दिवशी मला घरी बोलावून, शेजारी बसवून तो भरून घेतला होता. मी घरी भाजी पिकते असं सांगितलं तर म्हणाल्या होत्या, "अगं, मग आण की कधी. आम्ही आपले फ्रिजमधलं खाणारे." त्या बोलण्यापुरतं बोलल्या असतील. मी ते व्रत घ्यावं तसं मनावर घेतलं होतं.

आई त्या दिवशी शेजारच्या वसाहतीत हळदीला गेली होती, बाबा ड्युटीवर. ताईला मी म्हटलं, "आज भाजी मी तोडते. एकटी." तिनं मला खालून वर पाहिलं. "भेंडी तोड अन् चार काकड्या. मी नळाचं पाणी भरून येते. बाकी कशाले हात लावू नोको." एवढं बोलून ती हंडा घेऊन गेली. आणि मी सुटले.

मला ते अजून आठवतं, म्हणजे पायांना आठवतं. मी वाडीत चालत नव्हते, नाचत होते. भेंडी झाली, चवळीच्या शेंगा झाल्या, मिरच्या, वांगी, टमाटर. ओढणीची झोळी भरली तर बादली आणली, बादली भरली तर बाबांची जेवणाच्या डब्याची जुनी पिशवी. काकडीचा वेल उन्हानं आटोपत आला होता, पानं कडेनं करपलेली, पण पानांखाली हात घातला की काकडी निघायचीच. आणि मग अगदी मधे, वाळलेल्या गवताच्या गादीवर ठेवलेली, ती दिसली. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब. पिवळसर झाक आलेली, गुबगुबीत, एखाद्या न्हाऊ घातलेल्या बाळासारखी. तिच्या देठाला लाल कापडाची चिंधी बांधलेली.

त्या वर्षी आमच्या कॉलेजनं गावोगाव अंधश्रद्धेवर पथनाट्य केलं होतं. मी त्यात लिंबू-मिरची तोडून फेकणाऱ्या मुलीचं काम केलं होतं आणि ते माझ्या अंगात पुरतं मुरलं होतं. चिंधी पाहिली आणि मला वाटलं, आई तरी! काकडीला नजर लागू नये म्हणून चिंधी! मी ती चिंधी सोडली. खरं सांगायचं तर सोडताना काकडीला उद्देशून नाटकातली दोन वाक्यंही म्हटली. मग ती काकडी तोडली आणि मॅडमसाठी भरलेल्या पिशवीत सगळ्यात वर, दिमाखात ठेवली.

ताई पाणी घेऊन आली तोवर मी अंघोळ करून, पिशवी बांधून बसस्टॉपवर होते. बसमध्ये काकडी पिशवीबाहेर डोकावत होती. शेजारची बाई म्हणाली, "घरची आहे का वं?" मी म्हटलं, "हो." एवढ्या अभिमानानं मी माझा निकालही कधी सांगितला नाही. सीताबर्डीला उतरून उन्हात चालत धंतोली गाठली. मॅडम घरी नव्हत्या. त्यांच्या सासूबाईंनी, आजींनी दार उघडलं. पिशवी पाहून त्या "अगं बाई, अगं बाई" करत राहिल्या, मला पन्हं दिलं, आणि त्या मोठ्या काकडीवरून हात फिरवून म्हणाल्या, "अशी पिकली काकडी किती वर्षांनी पाहिली गं मी." मी परत येताना पूर्ण वेळ हसत होते. कंडक्टरनं दोनदा विचारलं, तिकीट झालं का.

दिवस मावळायच्या सुमारास आई हळदीच्या पिवळ्या हातांनी परत आली, नेहमीसारखी आधी वाडीत गेली, आणि लगेच परत आली.

"बियाची काकडी कुठी आहे वं?"

"कोणती बियाची?" मी विचारलं.

"लाल चिंधीवाली."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं. "ती मी... मॅडमला दिली. मले वाटलं नजरेची चिंधी आहे."

"नजरेची!" ताई ओरडली. "अवं, बी धराले ठेवलेल्या काकडीले चिंधी बांधते आई. दर वर्षी बांधते. कोणी चुकून तोडू नये म्हून. तू याच घरात राहते ना?"

आई ओट्यावर बसली. आणि रागावली ती मला नाही, ताईला. "तुले सांगतलं होतं ना, हिच्याकडे लक्ष दे म्हून?"

"लक्ष द्याले हे का बकरी आहे? एकोणीस वर्षांची घोडी आहे. कॉलेजात झाडंच शिकते!"

ड्युटीवरून आलेले बाबा मधे पडले. "जाऊ द्या ना. दुसरी काकडी ठेवू बियाले."

"कोणती ठेवता?" आई म्हणाली. "बोटाएवढ्या कोवळ्यासुद्धा तोडल्या हिनं. वेल वाळून राहिला, आता एक फूल येत नाही त्याले. अजून चार दिवसांनी उतरवणार होती मी थे."

मग तिनं जे सांगितलं ते घरात माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. हे बी तिनं लग्नात माहेरून आणलं होतं, पदराच्या गाठीत. दर वर्षी एक काकडी पिकू द्यायची, बी धरायचं, पुढच्या वर्षी सगळं पेरायचं. माहेरच्या वाडीवर आता प्लॉटांचं लेआउट पडलं होतं, मामाकडे तुळशीएवढी जागा उरली नव्हती. म्हणजे हे बी जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते मी धंतोलीला पोचवून आले होते.

"उद्या सकाळी जाऊ," ताई म्हणाली. "परत मागू."

"दिलेली काकडी परत मागायची? मॅडमला?" मी म्हटलं. ज्यांच्यासमोर मला नीट श्वास घेता येत नाही, त्यांच्या दारात जाऊन 'माझी काकडी द्या' म्हणायचं! मी मोबाइल घेऊन बसले. आदरणीय मॅडमपासून सुरुवात करून चार वेळा मेसेज लिहिला, चार वेळा पुसला. शेवटी एवढंच पाठवलं: "मॅडम, कृपया ती मोठी काकडी कापू नका, खाऊ नका. उद्या सकाळी येऊन कारण सांगते." मॅडमचा फोन बंद असावा, मेसेज पोचलाच नाही. आईनं त्या दिवशी कोशिंबीर केली नाही. समोर मी तोडलेल्या टोपलीभर काकड्या होत्या, तरी केली नाही.

सकाळी साडेनऊला ताई आणि मी धंतोलीत. ताईनं तिचा चांगला, लग्नात घालायचा ड्रेस घातला होता आणि रस्ताभर मला शिकवत होती, काय बोलायचं ते. दार उघडलं ते मॅडमनीच, आणि त्यांचा चेहरा पाहून मी शिकलेलं सगळं विसरले.

"निशा! अगं, काय होतं त्या काकडीत?"

"मॅडम, ते..."

"तुझा मेसेज मी आत्ता वाचला, आठ वाजता. त्याच्या आधी आमचा नाश्ता झाला होता. काकडीचे घारगे! मी चार खाल्ले, आईंनी पाच. मघापासून आम्ही दोघी एकमेकींना विचारतोय, तुला काही होतंय का, तुला काही होतंय का."

आतून आजी म्हणाल्या, "मी तर म्हटलं, खाल्लं ते खाल्लं. गोड होते."

ताईनं ओढणी तोंडात कोंबली. पण तिच्याच्यानं राहवेना. ती जी हसली, ती भिंतीला टेकून खालीच बसली. मला आधी रडू येत होतं, मग ताईकडे पाहून मीही हसायला लागले, मग मॅडम, आणि का हसतोय हे माहीत नसताना आजीही. शेवटी मी सगळं सांगितलं. चिंधी, पथनाट्य, पदराची गाठ, सगळं. ऐकता ऐकता मॅडम सासूबाईंकडे वळल्या.

"आई," त्यांनी सासूबाईंना विचारलं, "काकडीच्या बिया कुठे टाकल्या?"

"टाकेन कशाला?" आजी म्हणाल्या. "मगज करायला गच्चीत वाळत घातल्यात."

मी आणि ताई गच्चीत धावलो. पांढऱ्या पंच्यावर बिया पसरल्या होत्या. भरपूर. आमच्या दोन काकड्यांतही निघणार नाहीत इतक्या. शेजारी वाटी आणि नेलकटर, आजी सोलायला बसणारच होत्या. मी आनंदानं जवळजवळ किंचाळले.

"त्यात खरबुजाच्या पण आहेत हं," आजी मागून येत म्हणाल्या. "परवा खरबूज आणलं होतं. सगळा मगज एकच, म्हणून एकत्र केल्या मी."

मी पंच्यासमोर गुडघ्यांवर बसले. सगळ्या बिया सारख्या. पांढुरक्या, चपट्या, टोकाला निमुळत्या. मॅडमनी आतून भिंग आणलं. त्यांनी एक बी पाहिली, मी एक पाहिली. एकमेकींना दाखवल्या. मॅडम म्हणाल्या, "एकाच कुळातल्या बहिणी या. पुस्तकात फरक दिलेला आहे, पण..." आणि त्या पुस्तक आणायला उठल्या.

"मॅडम, मी पाहू का?" ताईनं विचारलं. ती इतका वेळ कठड्याशी, चपला काढून उभी होती. तिच्या आवाजात मी कधी न ऐकलेला संकोच होता.

ती मांडी घालून बसली. ओंजळभर बिया पुढ्यात ओढल्या आणि तांदूळ निवडावा तशी निवडायला लागली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, डावीकडे. तिचं बोट थांबतच नव्हतं. मॅडम उभ्या होत्या त्या हळूच तिच्यासमोर फरशीवर बसल्या.

"तुला कसं कळतं गं?"

"काकडीचं बी सडपातळ राहते, मॅडम. खरबुजाचं जरा पोट सुटलेलं. रंग पण, हे पाहा, पिवळसर. अन् काकडीचं टोक बोटाले टोचते." ताईनं एक बी त्यांच्या बोटावर दाबली. "टोचलं?"

"टोचलं!" मॅडम म्हणाल्या, शाळेतल्या मुलीसारख्या. "आणि सगळ्या उगवतात?"

"नाही ना. काकडी चार दिवस आधी तोडली न हिनं. पोचट असन काही. एक भांडं पाणी द्या."

आजींनी पितळी भांडं आणलं. ताईनं निवडलेल्या बिया पाण्यात टाकल्या. काही तरंगल्या, आणि बऱ्याच, सावकाश, आडव्या-तिडव्या होत तळाशी गेल्या. "ह्या खालच्या आपल्या," ताई म्हणाली. मॅडम विचारत राहिल्या. पाणी किती वेळ, वाळवायच्या कुठे, राख कोणती लावता, ढेमसं कधी पेरता, आळं किती खोल. ताई सांगत राहिली. तिचे हात, मान, भुवया, सगळं बोलत होतं. मी भिंग हातात धरून बसले होते. ते कशावर धरावं मला सुचत नव्हतं.

निघताना आजींनी वेगळ्या पुडीत खरबुजाच्या बिया दिल्या. ताईनं काकडीच्या थोड्या बिया आजींच्या हातावर ठेवल्या. "कुंडीत लावा. मांडव लागन, दोरी बांधली तरी चालते." मग खाली उतरल्यावर, एका दवाखान्याच्या फाटकाशी सावली पाहून, तिनं आईला फोन लावला. "आई, भेटलं वं बी. हावो. भरलेलं आहे." मग आईचा आवाज मलाही ऐकू आला, "अन् तुम्ही दोघी काही खाल्लं का?"

बस रिकामी होती. खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती, तरी आम्ही खिडकी लावली नाही. घारग्यांची आठवण येऊन ताई मधूनच फिसकन हसायची, की मी सुरू. हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, "ताई, मॅडमपुढे माझी वाचा बसते. तू किती बोलली."

तिनं पुडी पर्समधून काढून पुन्हा आत ठेवली. "त्यायनं विचारलं म्हून बोलली," ती सहज म्हणाली. "घरी कोण विचारते मले काही?"

ती हे रागानं म्हणाली नाही. तिनं म्हटलं आणि ती बाहेर बघायला लागली, आणि मला ते तसंच सोडून देणं सोपं होतं. मी एवढंच केलं, की पहिला मनात आला तो प्रश्न विचारला.

"ढेमसं तोडायचं कधी, हे कसं समजते?"

"अंगावर लव असते बारीक. थे आहे तोवर कोवळं. गेली, का जून."

"अन् चवळीची शेंग?"

"वाकवून पाहाची. कटकन तुटली पायजे."

"अन् भेंडी एकाआड एक दिवस काहून तोडते तू?"

"रोज तोडली तर बोटाएवढी भेटते, तीन दिवस ठेवली तर आजी होते," ताई म्हणाली आणि स्वतःच हसली. मग वांगी. मग दोडका उन्हात कडू का होतो. पुढच्या सीटवरचे एक काका मान वळवून ऐकत होते, त्यांनीही मिरचीवरच्या किडीचं विचारून घेतलं. मी विचारत गेले. काही खरंच माहीत नव्हतं म्हणून, काही माहीत होतं तरी. आमचा स्टॉप आला आणि गेला. कंडक्टर ओरडला तेव्हा बस पुढच्या स्टॉपला उभी होती.

उतरलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर चपलेला चिकटत होतं. घर मागे, बरंच लांब. ताईनं ओढणी डोक्यावर घेतली, अर्धी माझ्या डोक्यावर टाकली आणि आम्ही चालायला लागलो. थोडं चालल्यावर तिनं कोपरानं मला ढोसलं.

"गप्प काहून झाली? विचार ना अजून."